चौथा पाय

आदरणीय भाऊसाहेब यांना,

सादर नमस्कार. आपलं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, त्याबद्दल आधी कान पकडतो. आपला रक्तदाब, वहिनींचे गुडघे आणि धाकट्या नातीचे दुधाचे दात या तिन्हींची चौकशी वेगवेगळी करा असं तुमच्या बहिणीने बजावलं होतं, ती मी एकत्रच करतो. सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा आहे. (दातांच्या बाबतीत ही आशा चुकीची आहे हे लिहिल्यावर लक्षात आलं, पण खाडाखोड करणार नाही. चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका लाल पेनने काढल्या, आता स्वतःच्या दोन-चार राहू द्याव्यात.) इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझं म्हणाल तर मी इतका ठणठणीत गेल्या वीस वर्षांत नव्हतो.

भाऊसाहेब, तुम्ही मला अडतीस वर्षं ओळखता आणि तेवढीच वर्षं तुमचं माझ्याविषयी एकच मत आहे, की हा माणूस चार माणसांत बसणारा नाही. ते मत कसं झालं तेही मला ठाऊक आहे. आमच्या लग्नातल्या सगळ्या घराच्या फोटोत फक्त नवरदेव नाही. फोटोवाला सगळ्यांना ओळीत उभं करत होता तेव्हा मी लग्नपत्रिका छापणाऱ्याला कोपऱ्यात गाठून तुमच्या आडनावातली वेलांटी दाखवत होतो. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, पण पुढे प्रत्येक कार्यात मला खुर्च्या मोजायच्या कामावर लावलंत, म्हणजे माणसांशी संबंध येणार नाही. ते तेव्हा योग्यच होतं. पण आता तुमच्या मेहुण्याला तुम्ही नव्याने ओळखून घ्यावं अशी वेळ आली आहे, आणि योगायोग असा की यावेळीही मामला खुर्चीचाच आहे.

आमची इमारत तुम्ही पाहिली आहे. नऊ मजले, गेटातून आत आल्यावर डावीकडे अ जिना, उजवीकडे ब जिना, दोघांना आपापली लिफ्ट. आम्ही अ मध्ये सहाव्या मजल्यावर. जिथे लिफ्ट असते तिथे शेजार नसतो. माणूस लिफ्टमध्ये शिरतो, वरच्या आकड्यांकडे असा टक लावून बघतो जणू सातानंतर आज आठच येईल याची खात्री नाही, आणि आपला मजला आला की सुटल्यासारखा बाहेर पडतो. एकवीस वर्षांत मला बहुतेक शेजाऱ्यांचे बूट तेवढे माहीत होते. तोंडं माहीत होती ती भांडणामुळे. चौथ्या मजल्यावरच्या शिंप्याने चार वर्षांपूर्वी माझी पॅन्ट दीड इंच आखूड शिवली. मी ती परत पाठवताना सोबत चिठ्ठी लावली आणि तिच्यावर, मजकूर गळाला असेल तिथे आम्ही करतो ती खूण काढली. त्याने पॅन्ट तशीच परत पाठवली. चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, कापड बरोबर आहे, पाय जास्त आहेत. त्यानंतर आमचं बोलणं बंद. सातव्यावरचे दंतवैद्य आणि आठव्यावरचे ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर यांचं गाडी लावायच्या जागेवरून हाडवैर. त्या वैराचा मी साक्षीदार होतो, कारण दोघांनी नोटीस बोर्डावर एकमेकांविरुद्ध लावलेले कागद मी वेळोवेळी तपासून दिले होते. (न विचारता. दंतवैद्यांचं व्याकरण बरं आहे, मास्तरांचा मुद्दा बरा आहे.)

अशा आमच्या अ जिन्याची लिफ्ट एका शनिवारी पहाटे बंद पडली. दोरखंड जुने, मोटार जुनी, सगळीच बदलायला हवी, महिनाभर तरी लागेल असं कळलं. सेक्रेटरींनी नोटीस लावली: ‘लिफ्ट नादुरुस्थ असल्या मुळे बंद राहिल.’ सहा शब्दांत तीन चुका. मी त्या दुरुस्त केल्या आणि सामाजिक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने एकशे आठ पायऱ्या चढून घरी आलो. (एका मजल्याला अठरा. पुढे या आकड्याने आमच्या आयुष्यात फार मोठी जागा घ्यायची होती.)

चौथ्या दिवशी, मंगळवारी, सव्वासातला पेपर घ्यायला दार उघडलं तर समोरच्या पायरीवर एक वृद्ध बाई बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी, हातात काठी, केस नीट विंचरलेले, ओठ पांढरे पडलेले. लिफ्टमध्ये त्यांचे बूट मी पाहिले होते. नवव्या मजल्यावर एकट्या राहतात, शाळेत भूगोल शिकवायच्या, एवढं तुमच्या बहिणीने कधीतरी सांगितलेलं. माझ्याकडे बघून त्या शांतपणे म्हणाल्या, “चोपन्न झाल्या. एकशे आठ राहिल्यात. पंधरा मिनिटं बसते आणि निघते.”

त्या निघणार नव्हत्या हे मला चष्म्याशिवायही दिसत होतं. तुमच्या बहिणीने त्यांना पाणी दिलं आणि दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं. बाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठ वाजता गेटाशी रुग्णालयाची गाडी. शनिवारी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, पण आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना, तेव्हा लिफ्ट सुरू झाली की कळवा म्हणून निघून गेली. म्हणजे शनिवार चुकला. आज चुकला तर काय होईल ते बाईंनी, एखाद्या गावाला पाऊस किती पडतो हे सांगावं तितक्या सरळ आवाजात सांगितलं. मग भिंतीला हात लावून उठायला गेल्या आणि तिथेच पुन्हा बसल्या.

भाऊसाहेब, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी मी आत जाऊन योग्य माणसाला फोन करतो आणि योग्य माणूस कोण हे शोधण्यात दिवस काढतो. पण तुमची बहीण आमच्या जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची (तुमची, तुम्ही आलात की बसता ती) बाहेर घेऊन आली, बाईंना तिच्यात बसवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली की खुर्चीला चार पाय आहेत, तुम्ही एक आहात, तीन शोधून आणा. मी पायजम्यावर होतो. तसाच गेलो. सातव्यावर दंतवैद्य दाढी करत होते, आठव्यावर मास्तर व्यायाम. वेळ नसल्यामुळे मी दोघांनाही दुसरा येणार आहे हे सांगितलं नाही. चौथ्या मजल्यावर बेल वाजवताना मात्र माझा हात दोनदा मागे आला. शिंप्याने दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं (पायजमा पुरेसा लांब होता), आणि सगळं ऐकल्यावर कात्री खाली ठेवून माझ्या आधी जिना चढायला लागला.

पहिल्या दिवशीची खेप सांगण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर सांगतो. दंतवैद्य सहा फूट, मास्तर त्यांच्या बरोबरीचे, शिंपी माझ्या कानापर्यंत आणि मी कोणाच्याच बरोबरीचा नाही. आम्ही उंच माणसं वरच्या बाजूला लावली आणि बुटकी खाली. पहिल्याच पायरीला खुर्ची अशी कलली की बाई पोस्टात पत्र टाकावं तशा पुढे घसरल्या. त्यांनीच मग काठीने दाखवून आमच्या जागा बदलल्या: उतारावर उंच माणसं खाली, बुटकी वर, म्हणजे बसणाऱ्याची पातळी सपाट. (एवढी साधी गोष्ट चार सुशिक्षित पुरुषांना सुचली नाही.) शिवाय पुढे बघूनच बसणार, जो नकाशा वाचतो त्याने मागे तोंड करायचं नसतं, असंही त्यांनी ठरवून टाकलं. पुढचा डावा पाय मास्तर, पुढचा उजवा दंतवैद्य, मागचा डावा शिंपी, मागचा उजवा मी. माझ्या पायाला मी मनात चौथा म्हणतो. त्यात कमीपणा नाही. खुर्ची तीन पायांवर उभी राहत नाही हे सुताराला विचारा.

त्या दिवशी गाडी सुटायच्या बेतात असताना आम्ही गेटाशी पोचलो. बाई गाडीत बसल्या, दार लागलं, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या दिशांना गेलो. दुपारी दोनला त्या परत आल्या तेव्हा मात्र न बोलावता चौघंही गेटाशी उभे होतो, आणि प्रत्येकाने आपण सहज आलो होतो असं सांगितलं.

मग सुरू झाला नित्यक्रम. गुरुवार, शनिवार, मंगळवार. शिंप्याने खुर्चीला पट्टे शिवले, बाईंच्या कमरेभोवती एक आणि आमच्या खांद्यांवरून चार, आत कापूस भरलेले, एकाच निळ्या कापडाचे. (माप न घेता शिवले आणि माझा पट्टा अचूक बसला. मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, खांदे जास्त नाहीत. चार वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण.) दंतवैद्यांनी दवाखाना दुपारी दोन ते तीन बंद ठेवल्याची पाटी लावली. मास्तरांनी आपल्या शिकाऊ मंडळींना नऊनंतर बोलावलं. जिन्यात चपलांची कपाटं होती, कुंड्या होत्या, एका मजल्यावर बिनचाकांची सायकल होती. त्या आम्ही कोणाला न सांगता हलवल्या, आणि आश्चर्य म्हणजे कोणी परत आणल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक मजल्यावर कोणीतरी स्टूल ठेवू लागलं, आम्हाला दम खायला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर खुर्ची यायच्या वेळेला दार उघडून पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहत आणि आज दोन मिनिटं उशीर झाला असा शेरा देत.

बाईंनी जिन्याचा भूगोल तयार केला. सातव्याचं अरुंद वळण म्हणजे खिंड. पाचव्यावर भिंतीला ओल आहे ते दलदलीचं खोरं. तिसरा मजला आजींच्या बाटलीमुळे पाणवठा. आणि पहिल्या मजल्यावरून गेटाचा उजेड दिसला की त्या म्हणत, किनारा. भाषेचं म्हणाल तर ती आमची आम्हीच बनवली. मास्तरांना थांबायचं असलं की ते ‘ब्रेक’ म्हणत आणि उजवा पाय जमिनीत रोवत. मी ‘स्वल्पविराम’ म्हटलं की क्षणभर थांबायचं आणि ‘पूर्णविराम’ म्हटलं की खुर्ची टेकवायची. दंतवैद्य ‘अजून थोडं उघडा’ म्हणत, म्हणजे दोन्ही बाजूंनी अंतर वाढवायचं. शिंप्याचं सगळं इंचात. दहा दिवसांत अशी स्थिती आली की कोण कोणाचा शब्द वापरतोय हे कळेनासं झालं. एकदा दंतवैद्यांनी गाडी मागे घेणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाला ‘स्वल्पविराम’ असं ओरडून सांगितलं आणि तो गृहस्थ मागच्या कुंडीवर गेला.

परतीच्या खेपेला मात्र कोणी बोलत नसे. रक्त धुऊन आलेलं माणूस पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखं हलकं आणि थकलेलं असतं. बाई डोळे मिटून बसत. वजन सकाळपेक्षा कमी आणि जिना सकाळपेक्षा जड. एकतीस मिनिटं लागत. त्या वेळात चार माणसांचे श्वास एका लयीत यायला लागतात, भाऊसाहेब. आपला पाय उचलायचा आहे हे आपल्याला कळायच्या आत बाकीच्या तिघांना कळलेलं असतं. मला उभ्या आयुष्यात कधी कोणाबरोबर एका तालात चालता आलेलं नाही, शाळेच्या कवायतीतसुद्धा सर मला झेंड्याच्या दोरीपाशी उभं करत. आणि इथे मी खिंडीतून उलटा वर चढत होतो आणि पायरी चुकत नव्हतो.

आता जे घडलं ते सांगतो, कारण मी सगळं गोडगोड लिहिलं तर तुम्ही मजकूर कापाल.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या डोक्यात हवा गेली. निळे पट्टे आम्ही जिन्याखालीही घालू लागलो, दूध आणायला जातानासुद्धा. ब जिन्याच्या मंडळींकडे आम्ही अशा नजरेने बघायचो जणू चालती लिफ्ट असणं हा चारित्र्यातला दोष आहे. ब मध्ये तळमजल्यावर एक व्यायामशाळेचा शिक्षक राहतो, मानेच्या जागी मान नाही, नुसते खांदेच. त्याने एकदा भल्या मनाने येऊन मदत करू का विचारलं. आम्ही चौघांनी एका सुरात नको म्हटलं. त्यांच्या सेक्रेटरींनी तर सुचवलं की लिफ्ट होईपर्यंत बाईंनी ब मधल्या तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत राहावं, सगळेच प्रश्न मिटतील. सूचना बिनतोड होती. आम्हाला ती इतकी झोंबली की दंतवैद्य, जे आठवड्याला आठ शब्द बोलतात, ते म्हणाले, आमच्या बाई आमच्याकडे राहतील. (बाईंना कोणी विचारलंच नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्या खोलीच्या खिडकीतून भिंत दिसते, आणि भिंत बघायला मी भूगोल शिकवला नाही.)

अशा फुगलेल्या अवस्थेत एका शनिवारी आम्ही खाली उतरत होतो. पाचव्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर दंतवैद्य सहज म्हणाले की काल गाडी लावायला जागा नव्हती. मास्तर म्हणाले, जागा होती, गाडी लावता येत नव्हती. पुढचं मी लिहीत नाही. नोटीस बोर्डावरची सात वर्षं त्या वळणावर दीड मिनिटात वाचून झाली. मी दोनदा पूर्णविराम म्हटलं, आणि माझ्या दुर्दैवाने त्यांनी तो पाळला. खुर्ची टेकली, मास्तरांनी खांद्यावरचा पट्टा काढून कठड्यावर टाकला आणि ते खाली चालते झाले. दंतवैद्य भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आठ वाजायला बारा मिनिटं होती. शिंप्याने आणि मी उरलेल्या एकाबरोबर खुर्ची उचलून पाहिली. तिघांत ती उचलली जाते, पण चालत नाही, गोल फिरते. बाई दोन पायऱ्यांच्या मधोमध, वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही. त्या कोणावर रागावल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडवत होत्या. एरवी तो हात काठीवर घट्ट असे.

आवाज ऐकून व्यायामशिक्षक दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. एका नजरेत त्याने परिस्थिती ओळखली आणि बाईंना सरळ खांद्यावर घेऊन जातो म्हणाला. बाई म्हणाल्या, “मी पोतं नाही. खुर्ची धरायची तर धरा.” त्याने मास्तरांचा पुढचा डावा पाय धरला. त्या माणसात आमच्या चौघांची मिळून असेल तेवढी ताकद होती, आणि पहिल्याच झटक्यात त्याने आपला कोपरा असा उचलला की शिंपी कठड्याला लागला. मी म्हटलं स्वल्पविराम. त्याने विचारलं, काय? दंतवैद्य म्हणाले, अजून थोडं उघडा. त्याने तोंड उघडलं.

हे सगळं मास्तर खालच्या वळणावरून बघत होते. ते गेलेच नव्हते, एक मजला उतरून थांबले होते. व्यायामशिक्षकाने पुन्हा उचलायला हात घातला तेव्हा ते धावत वर आले, पट्टा उचलला, आणि त्याच्यासमोर उभे राहून इतकंच म्हणाले, “तो पाय माझा आहे.”

व्यायामशिक्षक बाजूला झाला. (पुढे तो आमच्यापुढे चालून दारं उघडू लागला. गडी चांगला आहे. ब जिन्यात जन्मला यात त्याचा दोष नाही.) मास्तरांनी डावा धरला, दंतवैद्यांनी उजवा, आणि चौथ्या मजल्यापासून गेटापर्यंत आम्ही बहात्तर पायऱ्या ज्या वेगाने उतरलो तो वेग पुन्हा कधी जमला नाही. गाडी निघत होती. व्यायामशिक्षकाने तिच्यापुढे उभं राहून ती थांबवली. बाईंना आत बसवल्यावर दंतवैद्य मास्तरांना म्हणाले की उद्यापासून त्यांनी गाडी लावायला भिंतीकडची जागा घ्यावी. मास्तर म्हणाले, नको, तुम्हाला तिथे लावता येत नाही म्हणून ती मला नको आहे, तुम्हाला शिकवतो. आणि त्यांनी खरंच शिकवलं.

महिन्याची लिफ्ट सात आठवडे आणि तीन दिवसांनी तयार झाली. जाऊन-येऊन एकवीस खेपा आम्ही केल्या, एकही चुकली नाही. नवी लिफ्ट पोलादी, आरशाची, चार माणसांची. त्या मंगळवारी बाई नवव्यावर लिफ्टच्या दाराशी उभ्या, शेजारी तुमची बहीण पिशवी घेऊन, आणि आम्ही चौघं सवयीने पट्टे घालून. बाई आत गेल्या, तुमची बहीण आत गेली, दार मिटलं. आम्ही रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग कोणी काही न ठरवता ती उचलली आणि जिना उतरायला लागलो. भाऊसाहेब, रिकामी खुर्ची चौघांना उचलता येत नाही. वजन नसल्यामुळे पायच पडेनात. खिंडीत अडकलो, खोऱ्यात शिंपी घसरला, पाणवठ्याला आजी विचारत राहिल्या, बाई कुठायत म्हणून. धापा टाकत खाली पोचलो तर बाई गेटाशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या. गाडीचा माणूस घाई करत होता, त्याला त्यांनी थांबवून धरलं होतं. आम्हाला आपादमस्तक बघून म्हणाल्या, “उशीर केलात. मी तुमच्याशिवाय कशी जाणार?”

तेव्हा वर्गातल्या पोरांसारखं आम्ही चौघांनी खाली बघितलं. माझ्या डोळ्यांत काही गेलं होतं, त्याची दखल दंतवैद्यांनी घेतली आणि रुमाल दिला. गाडी गेल्यावर व्यायामशिक्षकाने फोनवर आमचा फोटो काढला: चौघं, मधे खुर्ची. सोबत पाठवतो आहे. उजवीकडून पहिला मी. कृपया नीट बघा आणि वहिनींनाही दाखवा, कारण या वेळी मी फोटोत आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो असू द्यावा असं लिहायची पद्धत आहे. मी म्हणेन, वाढवायला आता हरकत नाही.

आपला,
मेहुणा
(मागचा उजवा)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गेली दोन वर्षं मी तुमच्या मागे लागून तुमच्या घराजवळ तळमजल्याची जागा शोधायला लावली. शेजारी आहेत पण शेजार नाही, म्हातारपणी इथे आमचं कोण, असं मीच तुम्हाला पानंच्या पानं लिहिलं. तुम्ही उन्हातान्हात हिंडून जागा शोधलीत, मालकाला शब्द दिलात, आणि तीन आठवड्यांपूर्वी किल्ली पाठवलीत. ती किल्ली या पाकिटात परत आहे. मालकाची माझ्या वतीने माफी मागा. काहीही कारण सांगा. माझा स्वभाव विक्षिप्त आहे असं सांगितलंत तर त्याला पटेल, तुम्हाला पटवून द्यायची सवयही आहे.

ता. क. दोन. फोटोखाली व्यायामशिक्षकाने ‘अ जिण्याचे विर’ असं लिहिलं आहे. दोन चुका आहेत. तशाच ठेवल्या.

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी माझ्या. ह्यांनी लिहिलंय त्यातलं सगळं खरं आहे, फक्त तेराव्या खेपेला ह्यांची कंबर धरली आणि पुढच्या आठ खेपा मागचा उजवा पाय मी उचलला, हे लिहायचं राहिलं. शिंप्याने माझ्यासाठी वेगळा पट्टा शिवला. हे पुढे चालत स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणायचे. त्याला हसू नकोस. एक दिवस सर्दीने ह्यांचा आवाज बसला होता, तर आम्हाला एक मजला उतरायला पंधरा मिनिटं लागली. किल्लीचं म्हणशील तर ती मीच पाकिटात घातली, हे अजून मनाचा हिय्या करत होते. लिफ्ट लागल्यापासून आम्ही पाचही जण बाईंना गाडीपर्यंत सोडतो. येताना मी लिफ्टने वर येते आणि चहा टाकते. पुरुषमंडळींना जिनाच चढायचा असतो. आत्ता चौथ्यावर पोचलेत, ह्यांचा पूर्णविराम ऐकू आला, म्हणजे अजून दहा मिनिटं आहेत.